नातेवाईकाचा नंबर

काउंटरवरच्या बाईंनी नऊचं बटण दहादा दाबलं आणि पडद्यावरची चौकट लाल झाली.

"घेत नाही हो."

"आता घेणारच नाही," मागे उभा असलेला प्रोग्रामर खुशीत म्हणाला. नातेवाईकाच्या नंबराच्या जागी वाटेल ते आकडे ठोकून पेशंट भरती करायचा, ही दवाखान्याची जुनी खोड. मग वेळ आली की फोन लावायचा कुणाला? म्हणून त्याने सगळ्या पळवाटा बुजवल्या होत्या. जागा रिकामी सोडली किंवा खोटा आकडा दिला, तर फॉर्म पुढे सरकणारच नाही.

"आणि ज्याला कोणीच नाही त्याचं?" बाईंनी बाकाकडे मान वळवली. तिथे एक म्हातारा धापा टाकत बसला होता. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"नीट विचारा बाई, कोणीतरी निघतंच." आपल्या नंबराची चिठ्ठी त्याने पडद्याच्या कडेला चिकटवली. "काही अडलं तर मला फोन करा." आणि तो निघून गेला.

त्याच आठवड्यात त्याला एका नर्सचा फोन आला. "तुमचे वडील वाट बघताहेत. येऊन जा."

"राँग नंबर," तो म्हणाला. त्याच्या वडिलांना जाऊन वर्षं लोटली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा तो जेवत होता. पुढचं ऐकून न घेता त्याने चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला.

नंतरचा फोन बाईंचा होता. "या. त्या दिवशी बाकावर होते ते आजोबा गेले."

तो तणतणतच आला. "माझा नंबर टाकलात? मला न विचारता?"

"ओठ निळे पडले होते त्यांचे. तुमचा फॉर्म पुढे सरकेना. खरा नंबर तेवढा एकच समोर होता." बाईंचा आवाज चढला नाही. "नात्यापुढे मुलगा लिहिलं. नर्सला खरं सांगायचं माझ्याकडून राहिलं. ती त्यांना म्हणाली, मुलाला फोन लावलाय."

"मग?"

"मला मुलगा नाही, असं म्हणाले नाहीत. उशी उंच करून मागितली. दार दिसावं म्हणून."

तो त्याच बाकावर टेकला.

थोड्या वेळाने बाईंनी की-बोर्ड त्याच्यापुढे सरकवला. मृतदेह ताब्यात घेणाऱ्याचा फॉर्म उघडा होता. कोणी पुढे आलं नाही, तर आजोबा बेवारस ठरणार होते. त्याने आपलं नाव भरलं, नंबर भरला. नात्याची जागा तशीच सोडून बटण दाबलं. चौकट लाल झाली.

ही अट त्यानेच घातलेली; काढायला मिनिटही लागलं नसतं.

त्याने 'मुलगा' लिहिलं. फॉर्मने ते मुकाट्याने घेतलं.