अर्धेलीचा मका

"हिरवं, जितं झाड मातीत गाडायचं? नवसे, तुला येड लागलं काय?" देवूने बायकोपुढे हात जोडले.

वारल्यांच्या पाड्यावर पाला शेतात नेतात तो वाळवून, पेरणीआधी जाळून राब भाजायला. जित्या झाडाला पुरणं म्हणजे अपशकुन. पण नवसी हट्टाला पेटली होती. तिची ठकी पाच वर्षांची झाली तरी पोट नगाऱ्यासारखं आणि हातपायांच्या काड्या. ग्रामसेवक बळवंतरावांनी सांगितलं होतं, ताग फुलावर आला की गाडायचा, कुजला की त्यावर मका पेरायचा. तसल्या दाण्यात कस जास्त उतरतो, पोरीला तोच खाऊ घाल.

जमीन सरावलीच्या कमलाकांतशेटची, अर्धं पीक त्याला द्यायच्या बोलीवर, अर्धेलीने कसायला घेतलेली. शेट खो खो हसला. "खडकाळ तुकड्यात घाल तुझा पाला. माझ्या शेतात असले चाळे नकोत." शेटचं हसू कधी फुकट नसतं, हे बिचारीला कुठलं ठाऊक!

देवू बांधावर तोंड फिरवून बसला. नवसीने एकटीने ताग कापला, पायांनी चिखलात तुडवला. शेजारणी तिच्या सावलीलाही उभ्या राहीनात. मका मात्र काळाभोर उठला. कणसं भरली, तशी ती ठकीला उचलून शेतात नेई. "हा ताकतीचा मका. हा खाल्लास की तू पळशील."

कणसं शेटच्या खळ्यावर गेली. नेमके त्याच वेळी बळवंतराव आले. भला माणूस, पण पोटात गोष्ट राहील तर शपथ! पहिल्या कणसांचे दाणे त्यांनी पुण्याला तपासायला पाठवले होते; त्यांचा निकाल त्यांनी शेटच्या ओटीवर बसून सगळ्यांदेखत सांगितला. नवसीच्या मक्यात कस खरोखरच जास्त होता. नवसीला रडू फुटलं. शेट हसला नाही. तारापूरच्या बांधकामावरच्या साहेबांना त्याच्या म्हशींचं दूध जात होतं, आणि दूध पातळ म्हणून कुरकुर चालली होती.

वाटणीच्या दिवशी शेटच्या गड्याने नवसीच्या टोपलीत मका ओतला तो शेटच्या शेतातला. फिकट, सुरकुतलेला.

"शेट, हा माझा नाय. माझा त्या कोपऱ्यात हाय, म्हशींच्या गव्हाणीपाशी."

"माप भरलंय ना? शीग लावून दिलंय."

"माप भरलंय, पण..."

"मग? मका तो मका. कस का मापात मोजतात?"

नवसीने ओटीवर चहाला बसलेल्या बळवंतरावांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात बघत म्हणाले, "मापाने बरोबर आहे बाई." देवूने टोपली उचलली. बोलला असता तर पुढच्या साली कसायला जमीन कुठली?

त्या संध्याकाळी नवसीने भाकरी थापली. ठकीने तुकडा मोडला आणि चुलीच्या उजेडात आईकडे पाहिलं.

"आये, हाच तो ताकतीचा मका?"

नवसीच्या तोंडून शेटच्या नावाने शिवी येता येता राहिली.

"हां बाय, हाच. खा."