जमनाची हळद

रेकॉर्ड संपत आली तशा मांडवातल्या चार-पाच बायका सवयीने दोधूकडे बघू लागल्या. आता हा सुई उचलणार. गेली नऊ वर्षं रनाळ्यातल्या प्रत्येक हळदीला ही एकच रेकॉर्ड वाजायची आणि दोधू भोंगेवाला शेवटच्या कडव्याआधी सुई उचलायचा. पण आज हळद त्याच्याच पोरीची, रंजनाची होती आणि त्याचे हात मांडीवर होते.

पाटाशेजारी वाटी घेऊन बसलेली सुंदरबाई खालीच बघत होती. रेकॉर्डमधला आवाज तिचाच होता.

छप्पन साली नंदुरबारच्या शांतीलालशेठच्या ग्रामोफोनच्या दुकानी मुंबईहून कंपनीचे साहेब आले. त्यांना खानदेशी लग्नगीतं हवी होती. भोंग्याच्या धंद्यामुळे दोधूची शेठशी ओळख, आणि सुंदरबाईच्या गळ्यावर दोधूचा जीव. तिला मोटारीतून घेऊन तोच गेला. धर्मशाळेच्या खोलीत दारं-खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. साहेबांनी समजावलं, एका बाजूला तीन मिनिटं मावतात. मी हात वर केला की गायचं, खाली केला की थांबायचं.

हात वर झाला.

"हयद कोनती पोरनी शे, साहेब?" सुंदरबाईने विचारलं.

"कोणाचीच नाही, बाई. रेकॉर्डसाठी गायचंय."

"मंग नाव कोनतं लेऊ?"

आमच्याकडे नवरीचं नाव घेतल्याशिवाय हळदीचं गाणं पुरं होत नाही. नाव न घेता उठणं म्हणजे रिकाम्या पाटाला हळद लावणं. साहेब पडले मुंबईचे, त्यांना काय त्याचं! "कुठलंही घ्या हो," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

सुंदरबाई गायली. शेवटच्या कडव्यात नाव आलं ते जमनाचं. जमना तिची एकुलती एक पोर, चौदाव्या वर्षी तापाने गेलेली. 'पुन्हा घ्या' असं दोधूने साहेबांना सांगायला हवं होतं. त्याच्याने सांगवलं नाही.

रेकॉर्डी छापून आल्या. मधल्या लाल चकतीवर सोनेरी अक्षरांत सुंदरबाईचं नाव! पण गिऱ्हाईक बिचकलं. "नवरी आमनी पोर, मंग ही जमना कोन?" असं जो तो विचारू लागला. रनाळ्यात तर जमना कोण ते सगळ्यांनाच ठाऊक. मेलेल्या पोरीचं नाव लग्नघरात कोण वाजू देणार?

शेवटी शांतीलालशेठ स्वतः सुंदरबाईच्या ओट्यावर येऊन बसले. दुकानदारांची मागणी आली तरच कंपनी पुढच्या रेकॉर्डी छापते, नाहीतर साचा अडगळीत जातो, हे त्यांनी सांगितलं. जमनाच्या जागी नुसतं 'नवरी' म्हणून पुन्हा गायचं, म्हणजे गाणं साऱ्या खानदेशात जाईल.

"तुन्हं नाव व्हई, बाई," शेठ म्हणाले.

"मन्हं व्हई. पन तिन्हं निंघी जाई ना," सुंदरबाई म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

साचा अडगळीत गेला. दोधूने आपल्याजवळच्या रेकॉर्डपुरता तोडगा काढला, सुई उचलायचा. लोक खूश झाले. सुंदरबाईनेही तक्रार केली नाही. तिच्या घरी रेकॉर्ड ऐकायला मशीन कुठलं? ती प्रत्येक हळदीला यायची, वाटी घेऊन बसायची, आणि शेवटच्या कडव्याच्या जरा आधी तिची मान वर व्हायची. सुई 'खर्र' करून उचलली की खाली. त्या दिवशी दोधूला लग्नघरचं जेवण गोड लागायचं नाही. अलीकडे तर तिने मान वर करणंही सोडलं होतं.

"आवो, सुई!" दोधूची बायको सरलाबाई पाटाजवळून ओरडली. "आपली पोरनी हयद शे. उचला ना!"

"आज नही उचलत मी."

"याड लागनं का तुम्हले?"

"वाजू दे वं माय," पाटावरून रंजना म्हणाली. "जमनाबाई मन्ही बी बहीनच व्हती ना."

सरलाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं.

नऊ वर्षांत लोखंडी सुयांनी ती रेकॉर्ड पार झिजवली होती. निम्मे शब्द खरखरीतच बुडायचे. पण चकतीजवळच्या त्या बोटभर जागेत सुई कधी गेलीच नव्हती. तिथे पोचताच खरखर थांबली. आवाज स्वच्छ निघाला, छप्पन सालचा, कोरा.

'हयद लागनी, मन्ही जमनाले हयद लागनी...'

भोंगा कडुनिंबावर उंच बांधला होता. नाव पार नदीपर्यंत ऐकू गेलं असेल.

सुंदरबाईची मान वर झाली. तिचा हळदीचा हात रंजनाच्या गालावर होता. गाणं संपलं, सुई चकतीशी नुसतीच घासत राहिली, तरी तिने तो काढला नाही. हळद लावायला मागे बायकांची रांग उभी होती. कोणी तिला 'सरक' म्हणालं नाही.