ट्रायल होईपर्यंत

दीनानाथने टँकरच्या कुशीतून चार्जिंगची जाड केबल ओढून काढली, झाकण लावलं आणि हात पँटला पुसले. केबिनमध्ये चढता चढता त्याचा सुपरवायझर संग्राम थांबला.

"काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही, सर."

सांगायचं होतं. कंपनीच्या शुवैखमधल्या यार्डात ते एकट्या दीनानाथलाच ठाऊक होतं, कारण विजेवर चालणाऱ्या या टँकरचं ट्रेनिंग त्यालाच मिळालं होतं. जुलैच्या उन्हात दोन फेऱ्या झाल्या की जेमतेम तिसरीपुरतं चार्जिंग उरतं, तेही दुपारी गाडी पूर्ण बंद ठेवली तरच. पण कुवेतमध्ये उन्हाळ्यात गाडी बंद करतो कोण? बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पाव घ्यायला उतरलेला माणूससुद्धा एसी गार राहावा म्हणून गाडी चालूच ठेवून जातो. संग्रामची तर सगळी हयात डिझेलच्या टँकरांवर गेलेली. तो बंद करणार नाही, याबद्दल दीनानाथ निर्धास्त होता.

पाणी खात्याने नवी अट घातली होती. पुढचं कंत्राट हवं असेल तर धूर न सोडणारे टँकर आणा. आज हवल्लीत अधिकाऱ्यांसमोर त्याची ट्रायल होती आणि ती पार पडली की संग्राम ऑपरेशन्स मॅनेजर होणार होता.

याच ट्रायलपायी त्याने जूनमध्ये दीनानाथचं एक्झिट परमिट अडवून ठेवलं होतं. कंपनीने मंजुरी दिल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही आणि मंजुरीचं बटण संग्रामच्या मोबाईलवर. सिन्नरला आई अंथरुणाला खिळलेली. "ट्रायल होऊ दे, मग खुशाल जा," एवढंच तो मान वर न करता म्हणाला होता. आई थांबली नाही. थोरला असून दीनानाथने तिची चिता मोबाईलवर पाहिली, वर्कशॉपमागे टायरांच्या ढिगाआड उभं राहून. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला आणि कुणाला काही बोलला नाही. संग्रामच्या तोंडून सांत्वनाचे दोन शब्द ऐकणं त्याला सोसलं नसतं. जिच्यासाठी आई शेवटची दिसली नाही, ती ट्रायल मातीत घालायची, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळच्या दोन्ही फेऱ्या झकास झाल्या. मग उन्हातली कामं बंद ठेवायची सरकारी वेळ सुरू झाली. आता यार्डात कशाला परत जायचं, म्हणत संग्रामने टँकर इमारतीच्या सावलीत लावायला सांगितला, एसी वाढवला आणि सीट मागे करून डोळे मिटले. आवाज नाही, थरथर नाही. गाडी चालू आहे हे विसरायलाच व्हावं.

ड्रायव्हर हारूनचं लक्ष पडद्यावरच्या आकड्याकडे गेलं. त्याने स्विचकडे हात नेला.

"बंद कर दूँ?"

"रहने दो. साहब सो रहे हैं."

हारूनने शेजारी बसलेल्या दीनानाथकडे एकदा पाहिलं आणि हात मागे घेतला. आकडा हळूहळू उतरत होता. दीनानाथ त्या गार हवेत बसून तो पाहत राहिला. इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत लाभलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर पांढऱ्या पायघोळ दिशदाशातले अधिकारी आले, कंपनीचे मालकही आले. गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाइप जोडला. पंप सुरू झाला, पाइप फुगला आणि थोड्याच वेळात पुन्हा चपटा पडला. पडदा काळा झाला होता. अधिकारी रस्त्यावर चालू ठेवलेल्या आपल्या गाडीत बसून निघून गेले.

मालकांनी सगळ्यांदेखत विचारलं, चूक कुणाची. संग्रामने सांगितलं की एसी त्यानेच चालू ठेवला होता, दीनानाथचा यात काही दोष नाही, यंत्रच सगळ्यांना नवं आहे. मालकांनी त्याला मॅनेजर होण्याचं विसरून जायला सांगितलं आणि तेही गेले.

संग्राम फुटपाथच्या कडेला बसला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने मोबाईल काढला.

"झाली बाबा एकदाची ट्रायल. तुझं परमिट आत्ताच मंजूर करतो. रात्रीचं तिकीट मिळतंय का बघ. आईला भेटून ये."

या माणसाला ऐकवायला दीनानाथने पुष्कळ काही साठवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"आई गेली, सर. तेरावाही झाला."

संग्रामचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला.

"अरे... मला सांगितलं का नाहीस?"

"दुपारी गाडी बंद ठेवायची असते. तेही नाही सांगितलं."

संग्रामचा चेहरा उतरत गेला तसा दीनानाथने तो डोळे भरून पाहून घेतला, नजर काढली नाही. हारून पाइप गुंडाळायला लागला होता. मग संग्रामने मान खाली घातली आणि बटण दाबलं.

दीनानाथच्या खिशात मोबाईल वाजला.