धुतलेल्या झग्याची कबुली

मी एक जुना काळा झगा आहे. मला बाह्या नाहीत, खिसे नाहीत आणि पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहरात आता मला तोंड दाखवायला जागाही नाही. कारण मित्रांनो, मला धुतलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण कोइंब्राच्या विद्यापीठातले विद्यार्थी खांद्यावर घ्यायचा हा काळा झगा कधीच धूत नाहीत. धुतला की त्यातल्या आठवणी जातात, असं मानतात. वास राहिला तर राहू देतात. आणखी एक रीत आहे. शिक्षण संपत आलं की घरच्या माणसांनी झग्याची डावी कड फाडायची आणि मित्रांनी उजवी. तीही दातांनी. ज्याचा झगा जास्त फाटका, त्याच्यावर जास्त माणसांचा जीव. नवा कोरा झगा घेऊन बाहेर पडणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच बघतात.

माझा पहिला मालक अबिलिओ. डोंगरातल्या मेंढपाळांच्या गावचा मुलगा, अतिशय सज्जन आणि त्यामुळे थोडा कंटाळवाणा. जेवायला बसताना तो मला घडी घालून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. चार वर्षांत त्याने माझ्यावर रश्श्याचा एक थेंब सांडला नाही. सगळे माझी स्तुती करायचे. त्याच्या आईने, देओलिंदाबाईने, माझी डावी कड फाडली ती गावातल्या स्वयंपाकघरात उभं राहून. मेंढ्यांचं दूध कोण काढणार, म्हणून तिला शहरात येताच आलं नव्हतं. पुढे अबिलिओ परदेशी गेला. मी कपाटात गेलो. डांबराच्या गोळ्यांसोबत मी अठरा वर्षं काढली. त्या फारशा बोलत नाहीत.

मग एक दिवस कपाट उघडलं. समोर देओलिंदाबाई आणि तिच्या मुलीचा मुलगा तोमे उभे होते. तोमेला इतिहास शिकायला कोइंब्रात प्रवेश मिळाला होता.

"हा घे मामाचा झगा," आजी म्हणाली. "जपून वापर. आणि शहर डोळे भरून बघ. माझं राहून गेलं. दर रविवारी पत्र टाक, काय काय बघितलंस ते. मी भट्टीवर वाचून दाखवीन सगळ्यांना."

गावात एकच सामायिक भट्टी. शनिवारी सगळ्या बाया तिथे पाव भाजायला जमतात. गावाला जे कळायचं ते तिथेच कळतं.

"लिहीन ना आजी," तोमे म्हणाला. तेव्हा त्याच्या तोंडात चीजचा तुकडा होता. मला तिथेच संशय यायला हवा होता.

मित्रांनो, इथून माझा गुन्हा सुरू होतो.

पहिल्या रविवारी तोमे विद्यापीठाचा मनोरा बघायला निघाला. मनोरा टेकडीच्या माथ्यावर, आणि टेकडीवर जायला दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या मध्यावर इल्दाबाईचं मिठाईचं दुकान. तोमे तिथे दम खायला थांबला आणि दमाबरोबर त्याने बदाम-अंड्याच्या सारणाच्या चार करंज्या खाल्ल्या. अंड्याचा पिवळा बलक त्याच्या बोटांवरून ओघळला. आसपास पुसायला दुसरं काही नव्हतं. म्हणजे, मी होतो.

खरं सांगतो, मला राग यायला हवा होता. पण माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी काही भरवलं नव्हतं. मी गप्प बसलो.

घरी जाऊन त्याने लिहिलं, "आजी, मनोरा पाहिला. चारशे पायऱ्या आहेत."

पुढच्या रविवारी जुनं कॅथेड्रल. वाटेत एका बोळातल्या खानावळीत डुकराची उकडलेली हाडं मिळतात, ती चोखता चोखता संध्याकाळ झाली. पत्रात लिहिलं, "कॅथेड्रल साखरेच्या जाळीसारखं नाजूक आहे." मग नदीपलीकडचा संत क्लाराचा जुना मठ. त्या वाटेवर रेड वाइनमध्ये शिजवलेलं बोकडाचं मटण मिळतं, मातीच्या भांड्यात. भांडं कलंडलं आणि माझ्या पाठीवर रश्श्याचा एक लांबट डाग पडला. तो हुबेहूब पोर्तुगालच्या नकाशासारखा होता, फक्त दक्षिणेला थोडा देश जास्त होता. पत्रात लिहिलं, "मठातल्या जोगिणींनी मला प्रेमाने सूप दिलं."

असं चार वर्षं चाललं. तोमे नालायक नव्हता. अभ्यास करायचा, पास व्हायचा. वर्गात त्याला मठाचा सगळा इतिहास तोंडपाठ असायचा. मठ तेवढा बघायचा राहिला होता. वाटेत खायचं काहीतरी लागायचंच, आणि जे पाहायचं ते शेकडो वर्षं तिथेच उभं होतं, ते कुठे थंड होणार होतं?

एकदा मात्र त्याला काहीच सुचेना. तो ज्या घरात राहायचा ते विद्यार्थ्यांचं सामायिक घर. तिथे फिर्मिनो नावाचा मित्र होता, उंच आणि कायम उपाशी दिसणारा.

"जुन्या ग्रंथालयाबद्दल काय लिहू रे?" तोमेने विचारलं.

"लिही, तिथे वटवाघळं पाळलीत म्हणून," फिर्मिनो अंथरुणातूनच म्हणाला. "पुस्तकांची कीड खायला."

"गप रे. आजी काय खुळी आहे?"

"तिने जोगिणींचं सूप पचवलं की."

तोमेने वटवाघळं लिहून टाकली. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. एवढं धडधडीत खोटं त्याने आधी कधी लिहिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी मे महिन्यात आजीचं उत्तर आलं. "मेंढ्या विकल्या. गुडघे आता ऐकत नाहीत. येत्या शुक्रवारी येते. तू लिहिलंस ते सगळं दाखव. मग मामाच्या वेळी फाडलं त्याच्या शेजारी माझे दात लावते आणि शनिवारच्या बसने परत जाते."

तोमेने पत्र दोनदा वाचलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर चार वर्षांचा पुरावा होता. बलक, चरबी, सागराच्या दिशेने वाढत चाललेला पोर्तुगाल.

आणि त्याने मला टबात बुडवलं.

"तोमे!" फिर्मिनो दारातच थिजला. "अरे, झगा धुतोयस?"

"हळू बोल ना!"

"अरे माणसा, तू घराला आग लावली असतीस तर आपण बसून बोललो असतो. पण झगा?"

"आजीने डाग बघितले तर?"

"आणि साबण बघितला तर?"

तोमे थांबला नाही. त्याचे डोळे पाणावले होते. साबणाने असतील. पण मित्रांनो, आता तुम्हाला जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला ते आवडलं. कोमट पाणी, फेस, पाठीवर चोळणारे हात. शेकडो वर्षांची रीत मोडली जात होती आणि मी टबात तरंगत मनात म्हणत होतो, जरा मानेकडे पण.

शुक्रवारी सकाळी आजी बसमधून उतरली. तिने तोमेला मिठी मारली, माझ्यात नाक खुपसलं आणि तशीच थांबली.

"तोमे, या झग्याला साबणाचा वास का येतोय?"

"स्वच्छता पाळतो मी, आजी."

"तुझा मामा चार वर्षं न्हाला नसता तर चाललं असतं, पण झग्याला त्याने पाणी लावलं नाही. धुवायला लागेल असं काय होतं याच्यावर?"

"काही नाही गं. धूळ."

 आजीने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. सगळी पत्रं होती, रविवारांप्रमाणे लावलेली. "चल," ती म्हणाली. "पहिलं पत्र. मनोरा."

पायऱ्यांच्या मध्यावर इल्दाबाई दुकानाच्या दारात उभीच होती.

"तोमे, राजा! आज उशीर? चार बांधू की नेहमीच्या सहा?"

"या बाई कोण?" आजीने विचारलं.

"या... इतिहासाच्या आहेत."

"मी?" इल्दाबाई म्हणाली. "अहो, पोरगा दर रविवारी इथेच असतो. फार गुणी. वर जातो जातो म्हणतो, पण जातच नाही कधी."

आजीने एकदा तोमेकडे पाहिलं, एकदा करंज्यांकडे. "नको," ती म्हणाली. "आज आमचा उपास आहे."

त्या दिवसाइतकी शरम मला कधी वाटली नाही. आजी डोंगरातली, गुडघ्यावर हात ठेवून ठेवून का होईना, मनोरा चढून गेली. तोमे मागून धापा टाकत होता.

"चारशे कुठेत?" वर पोचल्यावर ती म्हणाली. "मी मोजल्या. निम्म्यासुद्धा नाहीत. बाकीच्या तू खाल्ल्यास का?"

कॅथेड्रल साखरेच्या जाळीसारखं नव्हतं. ते किल्ल्यासारखं होतं, जाड भिंतींचं, वरती तटाचे कंगोरे. आजीने भिंतीवर हात आपटून पाहिला. "नाजूक आहे," ती म्हणाली.

मठात गेलो तर तो नुसताच पडका सांगाडा. नदीच्या पुराला कंटाळून जोगिणी तिथून निघून गेल्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. हे तोमेने परीक्षेत तारखेसकट लिहिलं होतं.

"सूप गार झालं असेल," आजी म्हणाली.

मग ती एका दगडावर बसली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मी मागितलं होतं का तुझ्याकडे काही? ना पैसे, ना भेटवस्तू. मला फक्त बघायचं होतं. तुझ्या डोळ्यांनी का होईना."

तोमेने मला अंगाभोवती घट्ट ओढलं. मी त्याला झाकायचा प्रयत्न केला. चार वर्षं मी तेच करत आलो होतो.

"आजी, मी खाल्लं," तो म्हणाला. "दर रविवारी खात बसलो. एकही जागा बघितली नाही. डाग दिसू नयेत म्हणून झगा धुतला. तू नको लावू दात."

"नाहीच लावणार. खोट्याला मी दात लावत नाही." ती उठली. "अजून एक पत्र राहिलंय."

"राहू दे ना. ते सगळ्यात खोटं आहे."

"म्हणूनच बघायचंय."

आम्ही ग्रंथालयात पोचलो तेव्हा बंद व्हायची वेळ झाली होती. छतापर्यंत पुस्तकं, सोनेरी नक्षी आणि मधोमध लांबलचक मेजं. तिथली एक कर्मचारी बाई त्या मेजांवर चामड्याची जाड आवरणं पसरत होती.

"मेजांना कशाला झगे घालताय?" आजीने विचारलं.

"वटवाघळांसाठी, आजीबाई. रात्री येतात, किडे खातात. पण घाण करतात ना मेजांवर, म्हणून रोज संध्याकाळी हे पसरायचं. पिढ्यान् पिढ्या चाललंय."

आजीने तोमेकडे पाहिलं. तोमेने आ वासला होता. वरच्या कपाटामागून कुठूनतरी बारीक चीं-चीं ऐकू आली.

"हे तू खरं लिहिलं होतंस?"

"मला माहीत नव्हतं, आजी. शप्पथ. मी खोटं म्हणूनच लिहिलं होतं."

आजी एकदम खाली वाकली. मला वाटलं, चक्कर आली. पण ती मेजाला धरून हसत होती आणि हसता हसता रडत होती.

"मेल्या," ती म्हणाली, "मी सगळी पत्रं भट्टीवर मोठ्यानं वाचली. पायऱ्या वाचल्या, साखरेची जाळी वाचली, जोगिणी वाचल्या. फक्त वटवाघळं गाळली. म्हटलं, हे वाचलं तर लोक माझ्या पोराला खोटारडा म्हणतील."

तोमे त्या चामड्याच्या आवरणाकडे बघत राहिला. मीही बघत होतो. ते बिचारं दर रात्री अंगावर घाण झेलतं, पण खालचं मेज स्वच्छ ठेवायला. मी झेलली ती कुणाला वाचवायला? मित्रांनो, एका चामड्यापुढे मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली.

शनिवारी दुपारी आजी बसच्या दारात उभी होती. फिर्मिनोही आला होता आणि माझ्यापासून चार पावलं दूर उभा होता. तोमे काही मागत नव्हता. मी डावी कड आत दुमडून घेतली होती.

"इकडे आण," आजी म्हणाली.

"तू म्हणालीस खोट्याला..."

"एक खरं निघालं ना? तेवढ्यापुरतं."

तिने माझी कड उचलली, अबिलिओच्या वेळच्या फाटक्या जागेशेजारी दात रोवले आणि हिसका दिला. मी टर्रकन फाटलो. फार सुंदर वाटलं. पण लोकर जाड होती, आणि आजीचे दात तिचे स्वतःचे नव्हते. कवळी माझ्यात अडकून राहिली. तोमे ती सोडवायला धडपडू लागला, तोवर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आजी शांतपणे जाऊन खिडकीशी बसली.

"आजी, तुझे दात!"

"लाहू दे तिथेच," ती खिडकीतून म्हणाली. "पुढच्या शनिवाली घेऊन ये. भट्टीवल. मला आता वाचता येणाल नाही. तूच शांग शगळ्यांना."

बस गेली. तोमे मला हातात धरून उभा होता आणि मी दात विचकून.

"मी बटाटे बांधून देतो तुला," फिर्मिनो म्हणाला. "भट्टीवर बाया खोटारड्यांवर जळकी फळकुटं फेकतात म्हणे. त्यांवर भाजून खा."

पुढच्या शनिवारी तोमे गेला. भर गर्दीत उभा राहिला आणि एकेक पत्र खोडत सगळं सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं, फळकूट एकच फेकलं, तेही लहान. वटवाघळांवर मात्र कुणीच विश्वास ठेवला नाही. अजूनही ठेवत नाहीत.

आता मी आजीच्या घरी दाराशी, खुंटीवर असतो. कपाट नाही, गोळ्या नाहीत. तेव्हा मित्रांनो, माझी विनंती ऐका. कुणी प्रेमाने काही अंगावर घातलं तर त्याला जपा, पण जपणं म्हणजे लपवणं नव्हे. खा, भरपूर खा, फक्त काय खाल्लं ते खरं लिहा. आणि डाग पडला तर राहू द्या. तो विचारणाऱ्याला उत्तर तरी देतो.

माझ्या मानेच्या आत, शिवणीखाली, पहिल्या रविवारचा पिवळा बलक अजून आहे. टबात तोमेचे हात तिथवर पोचले तेव्हा मी शिवण आवळून घेतली होती. आजी रोज सकाळी मला झटकते, तेव्हा मी ती अजूनही आवळतो. उद्या तिने झटकलं की सैल सोडीन म्हणतो.