ऐकणाऱ्यांचा परवाना

सकाळी साडेअकराला आचलने बाळापूरच्या महादेवरावांना फोन लावला. मोजायचं हे शेवटचं घर होतं.

"काका, फुलांचे भाव घरात कोण कोण पाहते?"

"कावून? मोबाइल तं एकच हाये."

"मोबाइल नाई, माणसं सांगा."

पलीकडे पुटपुटत मोजल्याचं ऐकू आलं.

"चार."

आचलने पेन्सिल खाली ठेवली. महादेवरावांच्या आधी अठ्ठावन्न माणसं झाली होती.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका खोलीतून ती फूल उत्पादक गटाचं संकेतस्थळ एकटीच चालवत होती. पहाटे बाजारातून भाव येत, ती भरत असे आणि ते घरोघरच्या फोनवर दिसत. भाव ज्या डेटाबेस सर्व्हरवर साठत, त्याचा परवाना संपत आला होता. एका वापरकर्त्याचा परवाना पुरेल असं तिने धरलं होतं. सर्व्हरशी बोलतं ते फक्त संकेतस्थळ. कंपनीने हा समज खोडून काढला. दार एक असलं तरी त्यातून डोकावणारा प्रत्येक माणूस मोजायचा. माणसं मोजायची नसतील, तर सर्व्हर किती ताकदीचा आहे त्यावर, म्हणजे त्याच्या प्रोसेसरमधल्या कोअरच्या हिशेबाने पैसे भरायचे. ते गटाला झेपणारं नव्हतं. फुकटचे सर्व्हर होते, पण त्यांच्यासाठी जुना प्रोग्राम पहिल्यापासून लिहावा लागला असता.

गटाच्या अध्यक्ष बेबीताईंनी निकाल देऊन टाकला होता.

"साठ माणसाईचं भरू आमी. एकसष्टावं निघालं का बंद कर बाई. पह्यले बाजारात जाऊन पाहत होतो, तसंच पाहू."

बंद झालं, तर आचलचं काम संपणार होतं. या मोजणीच्या दोन दिवसांत ती जितकं बोलली, तितकं एरवी महिन्यातही बोलत नसे.

"काका, चार म्हणजे कोण कोण?"

"मी, तुही काकू अन् दोघं पोट्टे. गजेंद्र, देवानंद."

"काकूही मोबाइल पाहते?"

"ते कायचा पाहते! तिचा फोटो हाये भिंतीवर. पोळ्यापासून."

आचलने पेन्सिल पुन्हा उचलली.

"पोट्टे सुरतेले हायेत, कंपनीत," महादेवराव म्हणाले.

"मग एकच लिहू, काका?"

"एक कसं लिहितं वं? मी रोज वाचून दाखवतो घरात. शेवंती इतकी, झेंडू इतका. मोठ्यानं. चौघाचं घर हाये हे."

तिने कंपनीच्या अटी पुन्हा उघडल्या. खालपर्यंत गेली, परत वर आली. एका माणसाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेली माहिती वापरात धरली जात नव्हती.

"काका, पाहणाऱ्याचे पैसे लागतात. ऐकणाऱ्याचे नाई लागत."

"खरं सांगून राहिली?"

"तसं लिहिलंच आहे इथं."

"मंग लिही. पाहणारा एक, ऐकणारे तीन."

परवान्याच्या अर्जात ऐकणाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

"लिहिलं," आचल म्हणाली.

"अन् तुह्याकडे कोण ऐकते, पोरी?"

खालच्या गल्लीत भाजीची गाडी थांबली होती. भाजीवाला वर बघून ओरडला आणि पुढे गेला.

"मी फक्त भरते, काका."

फोन ठेवल्यावर तिने बेरीज केली. एकोणसाठ. भाव भरणारं माणूसही मोजावं लागतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. शेवटच्या ओळीत तिने स्वतःचं नाव घातलं आणि अर्ज पाठवून दिला.

दिवस मावळला तरी कंपनीचं उत्तर आलं नव्हतं. भाव दिवसातून एकदाच बदलतात, पहाटे. तरी दिवेलागणीला महादेवरावांच्या फोनवर भावांचं पान उघडलेलं तिला संकेतस्थळाच्या नोंदीत दिसलं. ती जेवून आली तेव्हाही ते उघडंच होतं.