काळे दात

सुरा नगरीच्या ज्यू पाठशाळेत अवदिमीच्या काळ्या दातांचं कोण कौतुक! उपास करून करून काळे पडलेले दात ते. तो हसला की शिष्य उठून उभे राहायचे. शेजारी बसणाऱ्या झुत्राचा मात्र जळफळाट व्हायचा. रोज सकाळी तो पितळी आरशात बघायचा. त्याचे स्वतःचे दात मेले पांढरेशुभ्र.

शेवटी त्यानं भर सभेत विचारलं, "रब्बी, उपाशी राहून स्वतःचे हाल करणारा माणूस संत की पापी?"

पाठशाळेचे प्रमुख धर्मगुरू असलेले म्हातारे रब्बी म्हणाले, "पापीच. अरे, नुसता द्राक्षारस सोडायचं व्रत घेतलं, तरी ते संपवताना पूर्वी मंदिरात पापक्षालनाचा बळी द्यावा लागे, जिवाला उगाच छळलं म्हणून. मग जेवणच सोडणाऱ्याची काय कथा? शरीर काय त्याच्या बापाचं आहे?"

झुत्रा मनातल्या मनात नाचला. पण अवदिमी उठला, "चुकलो, रब्बी," म्हणत ढसाढसा रडला आणि कुणीतरी पुढे केलेली भाकरी तिथंच खायला बसला. सगळी पाठशाळा गहिवरली. "काय ही नम्रता! एका शब्दावर एवढ्या वर्षांचं व्रत सोडलं!"

झुत्रा पाय आपटत घरी आला. बायकोनं मसुराचं कालवण वाढलं. त्याच्या घशाखाली घास उतरेना.

"अहो, जेवत का नाही? उपास धरलाय की काय?"

"गप बस," तो खेकसला. मग ताट बाजूला सारून हळूच म्हणाला, "जरा तो आरसा आण."