डब्यांवरचा आळ

माधवची एक खोड मला मुळीच पटत नाही. गाडीत काही वाजू लागले की तो थांबून बघत नाही, गाण्यांचा आवाज वाढवतो. माझा जीव खालून खडखडतो आहे आणि वर याची गाणी चालली आहेत! बरे, गाणी संपल्यावरही खडखड ऐकू आलीच, तर दोष द्यायला घरात आई आहेच.

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. चौदा वर्षे बडोद्यात, दांडिया बाजाराजवळच्या एका सोसायटीत कडुनिंबाखाली उभी असते. शिक्षण म्हणाल तर माझ्या नंबरपाटीवरच्या अक्षरांपुरते. पण खोटे मी कधी बोलले नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या शेकडो जणी रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे लाड कशाशी खातात ते ठाऊक नव्हते. ते कळले भास्कररावांच्या घरी. ते रिफायनरीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी अहल्याबाईंनी पहिल्याच दिवशी मला कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि सगळ्यांना बजावले, "आता ही घरची. हिला कोणी डबडं म्हणायचं नाही." भास्करराव दर रविवारी मला धूत. मग खाली वाकून, डॉक्टर पाठीवर ठोकतात तसे बोटांनी इथे तिथे ठोकून बघत.

आंघोळ झाली की शहराच्या टोकाला, छाणीची फेरी ठरलेली. तिथे अहल्याबाईंची थोरली बहीण लीलाताई एकटी राहते. तिला डोळ्यांनी फार कमी दिसते. अहल्याबाई पहाटे उठून तिच्यासाठी रांधत आणि स्टीलचे पाच डबे माझ्या डिकीत ठेवत. हिंगाची खमंग फोडणी दिलेली आमटी, वालाचे बिरडे, घडीच्या पोळ्या. लीलाताई फाटकाशी उभी राहून म्हणे, "माझा रविवार या गाडीत बसून येतो." एवढे कौतुक त्या कारखान्यातल्या एकीच्या तरी वाट्याला आले असेल का?

मग भास्करराव गेले आणि किल्ली त्यांच्या मुलाच्या, माधवच्या हाती आली. माधव कॉलेजात शिकवतो. मुलगा वाईट नाही. छाणीची फेरी त्याने चुकवली नाही. पण माझ्या पोटाखाली त्याने कधी डोकावून पाहिले नाही.

मित्रांनो, माझ्या खालून धूर नेणारी एक नळी जाते. ती भयंकर तापते. तिची धग वर लागू नये म्हणून मध्ये पातळ पत्र्याची ढाल असते. मेकॅनिक तिला हीट शील्ड म्हणतात. गेल्या वर्षी तिच्या एका बोल्टाभोवतीचा पत्रा गंजला. भोक मोठे झाले, बोल्टाचे डोके त्यातून निसटले आणि पत्रा एका बाजूने मोकळा झाला. सिग्नलला उभी राहिले की माझे सुरू, खर्रर, खर्रर.

"आई, तुझे डबे!" माधव करवादे.

अहल्याबाईंनी डब्यांना एक जुने निळे पातळ गुंडाळले. मी वाजतच राहिले. शेवटी एका रविवारी तो म्हणाला, "डोकं उठलं माझं या डब्यांनी. मावशीला काय कोणी उपाशी ठेवलंय?"

पुढच्या रविवारी बाई डबे घेऊन खाली उतरल्याच नाहीत. रिक्षाच्या हिसक्यांत आमटी सांडते आणि कोणाची मनधरणी करणे त्यांच्या रक्तात नाही. असे आठ रविवार गेले. माझ्यावर कापडी खोळ चढली. आत बसून मी दोघांच्याही पावलांचे आवाज ऐकत असे. माधव कॉलेजला आधीपासूनच स्कूटरने जाई, मला बाहेर काढायचे ते फक्त रविवारी. एक दिवस तो म्हणाला, "उभीच तर आहे. विकून टाकू." अहल्याबाई एवढेच म्हणाल्या, "वीक." मला तेव्हा कळले की मी गेले, तर लीलाताईचा रविवारही गेला.

गिऱ्हाईक आले ते रविवारी सकाळी. त्यांना शेजारी बसवून माधवने मला रस्त्यावर काढले. पहिल्याच सिग्नलला मी तोंड उघडले.

"आ शुं वागे छे?" हे काय वाजते आहे, असे त्या गृहस्थांनी विचारले.

"कंई नथी, मारी बाना डब्बा छे," माधव सवयीने आईच्या डब्यांचे नाव घेऊन गेला.

आणि त्याची नजर आरशातून मागे डिकीकडे गेली. पुढे जाऊन त्याने मला कडेला घेतले आणि डिकी उघडली. आत घडी घातलेले निळे पातळ होते. बाकी काही नाही. माझे इंजिन चालू होते आणि मी वाजत होते. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होते, पण हा पातळ हातात घेऊन उभाच.

गिऱ्हाइकाला निरोप देऊन घरी आल्यावर त्याने ते पातळ आईपुढे धरले. "आई, डबे नव्हते गं वाजत."

"हे कळायला तुला गिऱ्हाईक लागलं?"

"मी आत्ता खाली शिरून बघतो."

"आत्ता? तापल्या तव्याला हात लावतोस का कधी? निवू दे तिला."

चार वाजता मी गार झाले. माधवने चाकांना विटा लावल्या. मला जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड दिले, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नये. सतरंजी टाकून तो आडवा झाला आणि इथे तिथे ठोकू लागला. तेच भास्कररावांचे ठोकणे! ठण. ठण. खर्रर.

"सापडलं! पण भोक मोठं झालंय. रुंद वॉशर पाहिजे आणि आज दुकानं बंद."

अहल्याबाई वर गेल्या. प्रत्येक घरात डबा हरवलेली झाकणे असतात, तशी त्यांच्याकडेही होती. त्यांतले हिंगाच्या डबीचे स्टीलचे झाकण त्यांनी आणले. "हे घे. डबी कधीच गेली, हे कशाची वाट बघतंय कोण जाणे."

माधवने ते ठोकून सपाट केले, खिळ्याने भोक पाडले, त्यातून बोल्ट ओवून पत्रा आवळला. पुन्हा ठोकले. ठण.

बाहेर आला तेव्हा नाकावर काळे होते. हात धुऊन तो न सांगता वर गेला आणि पाची डबे स्वतः उचलून खाली आला. मघाशी बाईंनी आमटी कधी टाकली, ते मला कळलेही नव्हते.

छाणीपर्यंत मी चकार शब्द काढला नाही. नळी तापली तसा हिंगाचा मंद वास मात्र सुटला, आणि माधवने गाणी लावली नाहीत. लीलाताई फाटकाशी नव्हती. आठ रविवार ती तिथे उभी राहून परत गेली होती, असे शेजारीण सांगत होती. आमटीचा वास आला तशी ती भिंत चाचपत बाहेर आली. "अहल्या? आज गाडी वाजली कशी नाही गं?"

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू उगाच आवाज करत नाही. दुखते तिथे बोलतो. आमच्या दुखण्याचा आळ घरातल्या माणसावर घालू नका, एवढेच मागणे आहे.

अहल्याबाईंनी बहिणीचा हात धरला आणि मागे वळून लेकाकडे पाहिले. "माधव, गाडी विकायची नाही. डबे दर रविवारी येतील. आणि यापुढे काही वाजलं तर आधी खाली वाकून बघायचं, मग आईला बोलायचं. चल, जेवायला बस."